घरच्या मासोळी-हौदासाठी ड्रमचा फिल्टर: बांधणी आणि निगा

"अजी भाऊ, पानी तं चोखट दिसून राह्यलं, मंग मासोया काऊन मेल्या?"

नवा हौद करून महिनाभर झालेल्या माणसाचा हा प्रश्न आपल्याकडे कुठल्याही गावात ऐकायला मिळतो. पाण्याचा तळ दिसतो, मासे हौसेने नागपूरहून आणलेले असतात, आणि एके दिवशी सकाळी त्यातले दोन-तीन उलटे तरंगताना दिसतात. पाण्यात घाण दिसत नाही म्हणून माणूस खाद्याला नाही तर दुकानदाराला दोष देतो. खरं कारण पाण्यात विरघळलेलं असतं. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. त्याला रंग नसतो, आणि मासे मरायला पुरेल इतका अमोनिया पाण्यात असला तरी नाकाला कळत नाही.

या अमोनियाचा बंदोबस्त जिवाणू करतात. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच आहे, ते माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घालवतं. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना बऱ्यापैकी सोसतं आणि झाडांना तर ते हवंच असतं. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांत, म्हणजे गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधत आणलेल्या त्या जुन्या मालगुजारी तलावांत, हे काम चिखल, गवत, दगड आणि कमळांची मुळं आपोआप करतात. तिथे पाणी अफाट आणि त्या मानाने मासे कमी. आपल्या अंगणातल्या हौदात उलट स्थिती असते. पाणी थोडं, मासे जास्त, भिंती गुळगुळीत सिमेंटच्या किंवा प्लास्टिकच्या. जिवाणूंना बसायला जागाच नसते.

आपण जो फिल्टर बांधणार आहोत तो म्हणजे या जिवाणूंसाठी केलेली जागा. कचरा अडवणं हे त्याचं दुय्यम काम आहे. एवढं एक मनात पक्कं ठेवलं, तर पुढे सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण तुम्हाला स्वतःलाच कळेल: दगड कोणता घ्यायचा, पंप रात्री का बंद करायचा नाही, फिल्टर नळाखाली का धुवायचा नाही.

आधी माप, मग मासे

हौदाची लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ ने गुणा. लिटर मिळतील. ७ फूट लांब, ४ फूट रुंद आणि अडीच फूट खोल पाणी असेल तर ७० घनफूट, म्हणजे जवळपास २,००० लिटर. हा लेख त्याच मापाच्या हौदासाठी आहे. त्याला २०० लिटरचा एक ड्रम पुरतो. हौद ४,००० लिटरचा असेल तर दोन ड्रम शेजारी-शेजारी लावा.

एवढ्या पाण्यात १५ गोल्डफिश सुखाने राहतात. कोई, म्हणजे रंगीत जपानी कार्प, ठेवायचे असतील तर दोन, कारण ते हातभर वाढतात. रोहू-कटला मला या हौदात अजिबात पटत नाहीत. ते तळ्याचे मासे आहेत, किलोच्या वर जातात आणि कोंडले की खुरटतात. कोणी थाई मांगूर देऊ केला तर घेऊच नका. त्या माशाच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे आणि पुरात तो नाल्यात गेला तर तिथले देशी मासे संपवतो.

हौद नवा सिमेंटचा असेल तर तो आधी दोन-तीन वेळा भरून आठवडाभर ठेवा आणि उपसून टाका. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षार मोजायचा आकडा, चढतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरून केलेल्या हौदाला ही अडचण नसते.

ड्रम कुठे बसवायचा

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. दगड-पाण्याने भरलेला ड्रम तीनशे किलोच्या आसपास जातो. तो थेट काळ्या मातीवर ठेवला तर पहिल्याच पावसाळ्यात कलतो, पाइपचे सांधे ताणले जातात आणि गळती सुरू होते. म्हणून ड्रमच्या जागी फूटभर माती काढून मुरूम भरा, पाणी टाकून धुमसा आणि वर विटांचा ८-१० इंचांचा ओटा बांधा. ओट्याची एवढी उंची लागतेच, कारण ड्रमच्या तळाशी बसवलेल्या व्हॉल्व्हखाली बादली मावली पाहिजे.

जागा हौदाला लागून असावी. दुपारचं ऊन ड्रमवर पडत असेल तर त्याभोवती तरटाचं पोतं गुंडाळा किंवा वेल चढवा. कडुनिंबाची सावली चांगली, पण माघ-फाल्गुनात त्याची पानगळ होते, तेव्हा हौदावर जाळी टाकावी लागेल.

ड्रम आणि त्याची जोडणी

निळा प्लास्टिकचा २०० लिटरचा ड्रम तालुक्याच्या भंगार दुकानात मिळतो. आधी त्यात काय होतं ते विचारा. खाण्याच्या वस्तूंचा असेल तर घ्या. कीटकनाशक, ॲसिड किंवा रंगाच्या कारखान्यातला असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. झाकण लावून दुपारभर उन्हात ठेवा आणि उघडून वास घ्या. औषधाचा वास आला तर तो प्लास्टिकमध्ये मुरलेला आहे, धुऊन जाणार नाही.

ड्रमला दोनच भोकं पाडायची. पहिलं तळापासून दोन इंच वर, दीड इंची टँक निपल (टाकीच्या भोकात बसवायचा आट्यांचा जोड) बसेल एवढं. त्याला बाहेरून बॉल व्हॉल्व्ह लावायचा. गाळ इथून निघेल. दुसरं वरच्या कडेपासून चार इंच खाली, दोन इंची टँक निपलचं. इथून स्वच्छ झालेलं पाणी आपल्या भाराने हौदात परत पडेल. होल-सॉ (गोल भोक पाडायची करवत) नसेल तर गावचा प्लंबर तापवलेल्या लोखंडी पाइपने भोक पाडून देतो. भोक जरा लहानच पाडा आणि कानशीने घासून मोठं करा. निपलचा रबरी वायसर आतल्या बाजूला येऊ द्या आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. भरपूर एम-सील फासण्यापेक्षा वायसर सरळ बसलेला असणं महत्त्वाचं आहे. पाणी भरून एक रात्र ठेवा आणि सकाळी ओल दिसते का ते बघा. दगड भरल्यानंतर गळती सापडली तर सगळं उपसावं लागतं.

आता पाणी आत कसं आणायचं. पुष्कळ जण पंपाची नळी थेट ड्रमच्या तळापर्यंत सोडतात. पंप चालू असेपर्यंत सगळं ठीक असतं. लाइट गेली की तीच नळी सायफन होते आणि ड्रमच्या तळाचं काळं पाणी ओढून हौदात सोडते. हे टाळायला ड्रममध्ये दोन इंची पीव्हीसी पाइपचा एक उभा तुकडा ठेवा. वरचं तोंड ड्रमच्या कडेइतकं उंच आणि उघडं, खालच्या टोकाला तळापासून तीन-चार इंचांवर एक एल्बो, आडवा वळवलेला. पंपाची नळी या उघड्या तोंडात वरून सोडायची. नळी पाण्यात बुडत नाही, त्यामुळे सायफन लागत नाही, आणि पाणी पडताना हवाही सोबत घेऊन जातं. खालचा एल्बो भिंतीच्या बाजूने वळवला की पाणी तळाशी गोल फिरतं आणि जड गाळ मध्ये बसतो.

परतीचा पाइप दोन इंचीच ठेवा. पंपाची नळी पाऊण इंची आहे म्हणून परतीचा पाइपही तेवढाच घेणं धोक्याचं आहे. एखादं पान अडकलं तर ड्रम वरून वाहू लागतो आणि पंप हौद रिकामा करत राहतो. त्याच कारणाने पंप हौदाच्या अगदी तळाशी ठेवू नका. तळापासून फूटभर उंच विटांवर ठेवा. कुठे काही फुटलंच तरी फूटभर पाणी माशांसाठी उरेल.

आत काय भरायचं

इथे लोक हमखास पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरची नक्कल करतात: खाली गिट्टी, मग रेती, मग कोळसा. माशांच्या हौदाला हे चालत नाही. रेती आठ-दहा दिवसांत विष्ठेच्या लगद्याने बुजते, पाणी एखाद्या कोपऱ्यातून वाट काढून निघून जातं आणि बाकीच्या रेतीत हवा न पोचल्याने सडका वास सुटतो. कोळशाची शोषायची ताकद काही आठवड्यांत संपते आणि मग तो नुसता काळा दगड होऊन पडून राहतो. दोन्ही वस्तू बाजूला ठेवा.

आपल्याला असं साहित्य हवं ज्याच्या फटींतून पाणी मोकळं वाहील आणि ज्याला पृष्ठभाग भरपूर असेल. तळाशी पक्क्या विटा उभ्या ठेवून त्यावर भाजीच्या क्रेटचा तळ गोल कापून बसवा. खाली ८ इंच जागा मोकळी राहू द्या, गाळ तिथे साचेल. क्रेटच्या जाळीवर ४० मिलिमीटरची गिट्टी ६ इंच. आपल्याकडच्या खाणींतला काळा दगड यासाठी उत्तम, तो पाण्यात काही सोडत नाही. वणी किंवा चंद्रपूरच्या बाजूला चुनखडीची खडी मिळते, ती ओळखून टाळा. दगडावर ॲसिडचे दोन थेंब टाका. फेस आला की चुनखडी. गिट्टी भरण्याआधी धुवा, आणि बादलीत पाणी काळं येणं थांबेपर्यंत धुवा, कारण क्रशरची चुरी नंतर पंपात जाते.

गिट्टीच्या वर माझ्या मते विदर्भातल्या शेतकऱ्याकडे जगातलं सर्वांत चांगलं साहित्य फुकट पडलेलं असतं: ठिबकच्या जुन्या लॅटरल. संत्र्याच्या बागेतून किंवा कपाशीच्या शेतातून काढलेल्या, बांधावर गुंडाळून ठेवलेल्या त्याच काळ्या नळ्या. १६ मिलिमीटरच्या नळीचे इंच-इंचभर तुकडे करा. झाडं छाटायच्या कात्रीने संध्याकाळभरात पोतंभर तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला आतून आणि बाहेरून असा दोन्हीकडचा पृष्ठभाग मिळतो, पाणी आरपार वाहतं आणि वजन गिट्टीच्या मानाने काहीच नाही. ज्या लॅटरलमधून कीटकनाशक सोडलं असेल त्या घेऊ नका. नुसती विद्राव्य खतं गेली असतील तर दोन दिवस पाण्यात भिजवून, खळखळून धुऊन वापरा. हे प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, म्हणून तुकडे कांद्याच्या किंवा संत्र्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरा, तोंडं बांधा आणि सगळ्यांच्या वर क्रेटचा दुसरा गोल तुकडा ठेवून त्यावर दोन मोठे दगड ठेवा. पिशव्यांचा आणखी एक फायदा असा की साफसफाईच्या वेळी एक-एक पिशवी उचलता येते.

लॅटरल मिळाली नाही तर पक्क्या भाजलेल्या लाल विटांचे सुपारीएवढे तुकडे चालतात. राखेच्या विटा, ज्या कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या आसपास सर्रास मिळतात, त्या मात्र नको. त्यात सिमेंट-चुना असतो.

कचरा अडवायची सोय पंपापाशीच करा. पंप फळांच्या प्लास्टिक टोपलीत ठेवा आणि टोपलीभोवती हिरवी शेडनेट दोन पदरी गुंडाळा. मच्छरदाणीचं कापड दिवसाआड बुजतं. गावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांकडे फाटलेलं नायलॉनचं जाळं मिळालं तर त्याचा सैल बोळा करून ड्रमच्या तळाच्या मोकळ्या जागेत ठेवा. गाळ त्याला धरून बसतो.

पंप आणि लाइट

दोन हजार लिटरचं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे तासाला १,००० लिटर. खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, उंची वाढेल तसा तो घसरतो. उंची पंपापासून न धरता हौदाच्या पाण्याच्या पातळीपासून नळीच्या तोंडापर्यंत मोजा. आपल्या मांडणीत ती तीन फुटांच्या आसपास येते. त्यामुळे खोक्यावर १,८०० ते २,००० लिटर लिहिलेला पंप घ्या. बसवल्यावर परतीच्या पाइपखाली १५ लिटरची बादली धरा. ५४ सेकंदांत भरली तर तासाला १,००० लिटर मिळताहेत. हा आकडा ड्रमवर रंगाने लिहून ठेवा, पुढे त्याचा उपयोग होतो.

घरोघरी कूलरचा पंप असतो आणि सुरुवातीला तोच लावायचा मोह होतो. काही दिवस निभावून न्यायला तो ठीक आहे. पण तो वर्षभर, दिवसरात्र, विष्ठेच्या पाण्यात चालण्यासाठी केलेला नसतो. बारमाही चालणारा हौदाचा पंप घ्या आणि कूलरचा पंप अडीअडचणीसाठी ठेवा.

आता जे सांगतो ते सोडून पुढे जाऊ नका. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यातून शॉक लागून माणसं मरतात. हौदाचा पंप त्याच जातीचा आहे, आणि हौदाशी लहान पोरं खेळतात. ज्या सर्किटवर पंप आहे त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइट तोडणारं बटन, लावून घ्या, घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि तीन पिनांचाच प्लग वापरा. वायरला पाण्याजवळ जोड नको. बोर्ड पावसाचं पाणी लागणार नाही असा, हौदापासून लांब आणि उंचावर हवा. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलातून खाली पडेल. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटन बंद करून चालत नाही. घरातल्या सगळ्यांना हा नियम सांगा, म्हाताऱ्या माणसांनाही आणि पोरांनाही.

शेतातल्या घराला शेतीपंपाच्या फिडरची, म्हणजे ठराविक तासच येणारी, लाइट असेल तर पंप चोवीस तास चालणार नाही. अशा ठिकाणी डीसी पंप, एक बॅटरी आणि सोलर पॅनल हाच खरा उपाय आहे. तेवढं जमत नसेल तर मासे अगदी कमी ठेवा आणि झाडांवर भर द्या.

पहिले सहा आठवडे

फिल्टर चालू झाला म्हणजे तयार झाला असं नाही. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीच्या दिवसांत आणखी जास्त. नव्या हौदातले बहुतेक मासे याच काळात मरतात. पहिल्या दिवशी चार-पाचच लहान मासे सोडा. दिवसाआड चिमूटभर खाद्य, तेही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी हौद असेल तर त्याच्या फिल्टरमधली एखादी पिशवी किंवा मूठभर दगड ओल्या पोत्यात गुंडाळून त्याच दिवशी आणा आणि आपल्या ड्रममध्ये ठेवा. दह्याला विरजण लावावं तसं हे आहे, त्याने दोन-तीन आठवडे वाचतात.

तळ्यातल्या मत्स्यपालनात पाण्यात शेण टाकतात, त्यातून माशांचं नैसर्गिक खाद्य तयार होतं. इथे शेण टाकू नका, आपल्या हौदात आधीच खत जास्त आहे.

नागपूरच्या ॲक्वेरियम दुकानांत अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासायच्या बाटल्या मिळतात. पहिले सहा आठवडे दर तीन-चार दिवसांनी तपासा. आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं. दोन्ही शून्यावर आले आणि आठवडाभर तिथेच राहिले की मग उरलेले मासे दोन-तीन टप्प्यांत आणा.

पीएच का बघायचा तेही सांगतो. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. पाण्याचं तापमान ३० अंश आणि पीएच ७ असेल तर त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ९ झाला तर ४० टक्क्यांहून जास्त विषारी होतो. हिरव्या शेवाळाने भरलेल्या पाण्याचा पीएच दुपारी असा चढू शकतो. म्हणून उन्हाळ्यातल्या दुपारी थोडासा अमोनियाही माशांना झोपवतो.

अमोनिया किंवा नायट्राइट चढलेलं दिसलं तर खाद्य बंद करा आणि पाव हिस्सा पाणी बदला. मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तर त्यांना काही होत नाही. नायट्राइट असेल तर १,००० लिटरला १ किलो या हिशेबाने खडा मीठ पाण्यात विरघळवून, तीन-चार तासांत थोडं-थोडं करून सोडा. मिठातला क्लोराइड नायट्राइटला माशांच्या कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

पाणी बदलताना ते कुठून आलं याचा विचार करा. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, आणि पावसाळ्यात विहिरींतही ती टाकतात. त्यातला क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतो. असं पाणी उघड्या टाक्यात एक दिवस उन्हात ठेवा, अधूनमधून ढवळा, नाही तर दुकानातलं क्लोरीन मारायचं औषध टाका. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण प्राणवायूही कमी असतो, म्हणून ते उंचावरून धार धरून सोडा. बोअरचं पाणी जड आहे म्हणून काळजी करणारे पुष्कळ भेटतात. अमोनिया पचवताना जिवाणू पाण्यातला क्षारपणा खर्च करतात, आणि तो जड पाण्यात भरपूर असतो. त्रास फक्त पंपाला होतो, त्याचं पुढे सांगतो.

निगा

रोज दोन गोष्टी बघायच्या: परतीच्या पाइपची धार आणि सकाळी माशांची हालचाल. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे.

आठवड्यातून एकदा पंपाची टोपली काढून जाळी झटका. मग पंप बंद ठेवून दहा मिनिटं थांबा आणि ड्रमच्या तळाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. आधी दाट काळपट पाणी जोरात येतं, त्यात बारीक धाग्यांसारखा गाळ असतो. दोन बादल्या झाल्या की रंग चहासारखा होतो, मग फिका. तिथे बंद करा. या पाण्याचा वास घ्या. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा आला तर आतलं सगळं ठीक आहे. सडक्या अंड्याचा आला तर आत कुठेतरी गाळ बसून हवा पोचत नाही, आणि पिशव्या हलवायची वेळ झाली आहे. हे पाणी नालीत सोडू नका. कढीपत्ता, मोगरा, लिंबू, वांग्याचे वाफे, कशालाही घाला, उत्तम खत आहे. जेवढं निघालं तेवढं ताजं पाणी हौदात भरा, म्हणजे आठवड्याचा पाणीबदलही त्यातच होतो.

लॅटरलच्या पिशव्यांवर काही महिन्यांनी तपकिरी, बुळबुळीत थर येतो. हात लावला तर मळ वाटतो. तो घासून काढायचा नाही, तुमचे जिवाणू तेच आहेत. धार मूळ आकड्याच्या पाऊणपट झाली, म्हणजे १५ लिटरच्या बादलीला ७२ सेकंद लागू लागले, की साफसफाई करा. हौदाच्याच पाण्याने भरलेल्या टबमध्ये पिशवी तीन-चार वेळा बुचकळा आणि परत ठेवा. एका वेळी निम्म्याच पिशव्या, उरलेल्या तीन आठवड्यांनी. नळाचं पाणी, साबण, ब्लीचिंग, गरम पाणी यांतलं काहीही लावलं तर फिल्टर पुन्हा पहिल्या दिवसावर येतो आणि मासे मात्र आता पूर्ण संख्येने असतात.

पंपाच्या पात्यावर आणि दांडीवर बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार चढतात. दोन महिन्यांनी पंप उघडून ते भाग व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि धुऊन बसवा.

हिरवं पाणी हा वेगळा विषय आहे. ते शेवाळ इतकं बारीक असतं की कुठल्याच जाळीत अडकत नाही. त्याला ऊन आणि नायट्रेट मिळतं म्हणून ते वाढतं. हौदावर निम्मी सावली करा, आणि परतीचं पाणी हौदात पडण्याआधी एका लांबट टबमधून न्या ज्यात गिट्टीत कर्दळ आणि धोपा (अळू) लावलेला आहे. दोघांनाही पाय पाण्यात असलेले आवडतात आणि नायट्रेट ते हावरटासारखं ओढतात. हौदात औषध टाकलेलं नसेल तर धोप्याच्या वड्याही होतात. जलपर्णीही हे काम जोमाने करते, पण तिचा एकही तुकडा नाल्यात किंवा तलावात जाऊ देऊ नका. जास्तीची झाली की उन्हात पूर्ण वाळवून खताच्या खड्ड्यात टाका.

उन्हाळा

२० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशाला ७. माशांची गरज उलट उन्हाने वाढते आणि जिवाणूही तोच प्राणवायू वापरतात. मार्चपासून हौदावर हिरवी नेट बांधा, पण पाण्यापासून चार-पाच फूट उंच, म्हणजे खालून वारा खेळेल. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, खाद्य फक्त सकाळी, तेही निम्मं. दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, ते रोज संध्याकाळी भरा. शेवाळ असलेल्या हौदात प्राणवायू सर्वांत कमी पहाटे असतो, तेव्हा पंप बंद राहिला तर मासे हमखास जातात. वीजबिल वाचवायला रात्री पंप बंद करणाऱ्यांना मी हेच सांगतो.

वादळाने लाइट गेली आणि दोन-तीन तासांत येण्याची चिन्हं नसतील तर ड्रमचा तळाचा व्हॉल्व्ह उघडून सगळं पाणी झाडांना सोडून द्या. साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपून जिवाणू गुदमरतात. तेच जिवाणू ओलसर, हवेशीर दगडांवर आणि नळ्यांवर कितीतरी तास जगतात. तासा-दोन तासांनी वरून हौदाचं मगभर पाणी शिंपडत राहा. मासे वर येऊ लागले तर बादलीने हौदाचंच पाणी कमरेच्या उंचीवरून परत ओता. ॲक्वेरियमचा पाच वॅटचा एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर सहज चालतो, तो घेऊन ठेवाच. लाइट आली आणि ड्रममध्ये पाणी तसंच राहिलं होतं असं लक्षात आलं, तर पंप लावण्याआधी तळाचा व्हॉल्व्ह उघडून ते सडलेलं पाणी काढा, मगच चालू करा.

पाऊस आणि फवारणी

कौलांवरून किंवा टिनावरून येणारी धार हौदात पडू देऊ नका. अंगणातलं पाणी वाहून आत येऊ नये म्हणून हौदाची कड जमिनीपासून फूटभर वर हवी. श्रावणापासून कपाशीवर फवारणी सुरू होते. पायरेथ्रॉइड गटातली औषधं, सायपरमेथ्रिनसारखी, माशांसाठी जहाल आहेत. पाण्यात त्यांचा अंश पडला तरी मासे तडफडून मरतात. घराला लागून शेत असेल तर फवारणीच्या दिवशी हौद ताडपत्रीने झाका आणि पंप चालू ठेवा. फवारणीचा पंप, त्याची टोपणं, मिसळायची बादली, काहीही हौदाजवळ धुवायचं नाही. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय हौदात हात घालायचा नाही. गावात डासांसाठी धूर मारायला गाडी येते तेव्हाही हौद झाका, कारण त्या धुरात बहुधा याच गटातलं औषध असतं. हौदात डासांची अंडी पडली तरी घाबरू नका. मासे अळ्या खाऊन टाकतात.